आजीच्या पत्र्याच्या खोलीसाठी भंगारातला पंखा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून आलाय. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा आहे. त्याच्याजवळ एक बंद कॉम्प्युटर, जुन्या डबा टीव्हीचं बोर्ड, मेलेला यूपीएस आणि भंगारात आलेलं स्प्लिट एसीचं इनडोअर युनिट आहे. आजी पत्र्याच्या खोलीत झोपते आणि मे महिन्यात रात्री बारापर्यंत त्या खोलीत पाय ठेववत नाही. आर्डुइनोला, म्हणजे कोड लिहून चालवायच्या छोट्या बोर्डाला, पैसे नाहीत, कोडिंग येत नाही. पेल्टियरची चकती (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते ती) स्वस्तात मिळतेय, ती लावून छोटा एसी होईल का, असं तो विचारतोय.

पेल्टियर घेऊ नकोस. बाजारात मिळते ती बहुधा १२७०६ नंबरची. १२ व्होल्टवर ती ५ अँपिअरच्या आसपास करंट ओढते, म्हणजे ६० वॅट. त्या बदल्यात थंड बाजूनं फार तर २५-३० वॅट उष्णता उचलते, आणि हे दोन्ही मिळून जवळपास ९० वॅट गरम बाजूनं बाहेर टाकते. ती गरम बाजू खोलीतच राहिली तर तू आजीच्या खोलीत हीटर बसवलास. नुसता बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट उष्णता सोडतो. म्हणजे ही चकती एकट्या आजीचीही उष्णता उचलू शकत नाही, पत्र्याची गोष्ट तर लांबच.

आता पाण्याचा हिशोब बघ. १ लिटर पाणी हवेत सुकलं की ते साधारण ०.६७ युनिट इतकी उष्णता घेऊन जातं. तासाला १ लिटर सुकवलंस तर पावणेसातशे वॅटचा थंडावा झाला, तोही एका छोट्या पंख्याच्या विजेवर. आणि रात्री बाहेर हवा गार होते, ती तर फुकटच आहे. आपल्याकडे थंडावा या दोन ठिकाणी आहे. इलेक्ट्रॉनिक्सनं फक्त पंखा कधी लावायचा, पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं एवढंच ठरवायचं. तेवढ्यासाठी आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर लागत नाही, आठ पायांची एक आयसी पुरते.

पंखा ३२ अंशाला चालू व्हावा असं सर्किट सगळे करतात. मीही बरीच वर्षं तेच करायचो. पण पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी पाचला ४० अंश असतात आणि बाहेर ४१. तेव्हा पंखा चालू झाला तर तो बाहेरची गरम हवा आत ओढणार. नऊला बाहेर ३३ वर येतं आणि आत अजून ३८ असतात, खरी गरज तेव्हा असते. म्हणून किती गरम आहे हे सोड. आत आणि बाहेर फरक किती आहे, ते मोज. हे कळलं की सर्किट सोपं होतं, कारण फरक मोजणं हाच अ‍ॅनालॉगचा धर्म आहे.

आधी भंगार उघडू. पण टीव्हीच्या बोर्डाला हात लावण्याआधी मोठा कॅपेसिटर बघ, ४०० व्होल्ट लिहिलेला. त्यात ३०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो राहतो. ६० वॅटचा जुना बल्ब होल्डरला लावून त्याच्या दोन वायरी कॅपेसिटरच्या दोन पायांना टेकव, मग मीटरनं खात्री कर. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करणारे उस्ताद भेटतील तुला. मीही तसाच होतो, आणि माझ्या एका स्क्रूड्रायव्हरचं टोक अजून वितळलेलं आहे. पिक्चर ट्यूब जोडलेली असेल तर मागच्या लाल वायरच्या रबरी टोपीला अजिबात हात लावू नकोस, तिथं हजारो व्होल्ट असतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्येही असाच मोठा कॅपेसिटर असतो, तिथंही बल्ब लाव.

सगळ्यात मोलाची वस्तू एसीच्या इनडोअर युनिटमध्ये आहे. त्यात दोन सेन्सर असतात, एक खोलीच्या हवेचा, काळ्या थेंबासारखा, आणि एक तांब्याच्या नळीत खुपसलेला. दोन्ही एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापलं की रेझिस्टन्स उतरतो. बऱ्याच कंपन्यांत दोन्ही सारखे असतात, पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. आणि मोजताना आपल्या उन्हाळ्याचं भान ठेव. १० के (म्हणजे १० हजार ओहम) हा आकडा २५ अंशाचा आहे. दुकानात ३८ अंश असताना तोच सेन्सर पावणेसहा के दाखवतो आणि पोरं त्याला ५ के समजून बाजूला टाकतात. बोटात धरून मोजलास तर अंगाच्या गर्मीनं आकडा हलतच राहतो. दोन्ही सेन्सर टेबलावर शेजारी ठेव, दहा मिनिटं थांब आणि मग मोज. ५ के असो की १० के, दोन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. जुळले नाहीत तर जुन्या लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्येही बहुतेक वेळा १० के चा एनटीसी असतो. तो कात्रीनं काढ, पण आतल्या सेलना धक्का लावू नकोस, ते पेट घेतात.

टीव्हीत आणि पॉवर सप्लायमध्ये एक काळी-हिरवी जाड चकती दिसेल, ५डी-९ किंवा १०डी-९ लिहिलेली. तीही एनटीसीच, पण ५-१० ओहमची. चालू होतानाचा झटका सोसायला ठेवलेली असते ती. सेन्सर म्हणून निरुपयोगी.

यूपीएसमधून १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटनं मोठा भार चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) आणि मोसफेट (गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) काढ. त्यात बहुधा आयआरएफझेड४४एन किंवा ३२०५ मिळेल. एलएम३५८ किंवा एलएम३२४ ही ऑप-अँप आयसीही, जी आपण दोन व्होल्टेजची तुलना करायला वापरणार आहोत, तिथंच मिळायची शक्यता जास्त. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमध्ये एलएम३३९ मिळते, तीही चालते. फक्त तिचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ती खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. आउटपुटपासून १२ व्होल्टला ४.७ के चा रेझिस्टन्स लावला नाहीस तर मोसफेट कधीच चालू होणार नाही, आणि तू आयसी उडाली म्हणून फेकून देशील. माझ्या दुकानात शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येक पोरानं एकदा तरी हे केलंय. कॉम्प्युटरचे पंखे, रेझिस्टन्स, ४१४८ आणि ४००७ डायोड टीव्ही-कॉम्प्युटरमधून घे. ट्रान्झिस्टर काढलास तर पाय तपासून घे. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर येतात, आणि सी१८१५ किंवा सी९४५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला की सर्किट चालत नाही आणि कारणही सापडत नाही.

भंगारातले इलेक्ट्रोलायटिक कॅपेसिटर मात्र वापरू नकोस. दहा वर्षं पत्र्याखाली तापलेले असतात, आतलं सुकलेलं असतं. प्रीसेटही (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून जमवायचा छोटा रेझिस्टन्स) नवीनच घे, जुन्याचा ब्रश खरखरतो. या दोन्हींना मिळून चहा-पोह्याएवढे पैसे लागतात.

आता सर्किट. आत ठेवायचा सेन्सर १२ व्होल्टला जोड, बाहेर ठेवायचा सेन्सर ग्राउंडला, आणि दोघांचं मोकळं टोक एकत्र कर. दोघं सारख्या तापमानाला असतील तर मधल्या जोडावर बरोबर ६ व्होल्ट येतील. आतलं तापमान वाढलं की वरचा रेझिस्टन्स कमी होतो आणि मधला व्होल्टेज चढतो, एका अंशाला साधारण ०.१२ व्होल्ट. वजाबाकी त्या दोन थेंबांनीच करून टाकली. हा मधला जोड १० के च्या रेझिस्टन्समधून एलएम३५८ च्या ३ नंबरच्या पायाला, म्हणजे प्लस इनपुटला दे. २ नंबरला तुलनेचा व्होल्टेज दे. तो असा तयार होतो: १२ व्होल्टपासून १० के, मग ४.७ के चा प्रीसेट, मग ग्राउंडपर्यंत १० के. प्रीसेटचा मधला पाय २ नंबरला. आउटपुट १ नंबरला येतं. तिथून १ के मधून मोसफेटच्या गेटला जा, आणि गेटपासून ग्राउंडला १०० के लावून टाक. सप्लाय ८ नंबरला, ग्राउंड ४ नंबरला. पंख्याची लाल वायर १२ व्होल्टला, काळी मोसफेटच्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. पंख्यावर उलटा ४००७ डायोड, पट्टीची बाजू लाल वायरकडे. मोसफेटचा धातूचा पत्रा ड्रेनलाच जोडलेला असतो, तो डब्याला टेकू देऊ नकोस.

एवढ्यावर चालेल, पण ठरवलेल्या फरकाच्या उंबरठ्यावर पंखा फडफडेल. चालू, बंद, चालू, बंद. म्हणून १ आणि ३ नंबरच्या मध्ये १ मेगओहमचा रेझिस्टन्स टाक. मग २ अंशाच्या फरकाला चालू झालेला पंखा फरक १ अंशाच्या आसपास उतरल्यावरच बंद होतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. आयटीआयच्या वहीत त्याची व्याख्या असेल, पण एकदा तो रेझिस्टन्स काढून रिलेचा तडतडाट ऐकलास की व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

या रचनेत आणखी एक सोय आहे. सेन्सरची जोडी आणि प्रीसेटची साखळी दोन्ही एकाच १२ व्होल्टवर आहेत. व्होल्टेज ११ वर घसरला तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात घसरतात आणि सेटिंग जागचं हलत नाही. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंखे-कूलर चालू झाले की व्होल्टेजचं काय होतं ते तुला सांगायला नको.

सप्लायसाठी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा जुना अ‍ॅडॉप्टर सगळ्यात बरा. कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय चालू असेल तर तिच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्याला जोडली की ती सुरू होते, पिवळीवर १२ व्होल्ट मिळतात. पण दोन छोट्या पंख्यांसाठी रात्रभर ती चालवणं म्हणजे दळणाच्या डब्यासाठी ट्रॅक्टर काढणं.

सेटिंग करायला महागडं थर्मामीटर लागत नाही, घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर चालतं. ते ३२ ते ४२ अंशांत बरोबर वाचतं आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. दोन पेले कोमट पाणी घे, एक ३६ आणि दुसरं ३८ अंश. प्रत्येक वेळी थर्मामीटर बंद करून पुन्हा चालू कर, नाहीतर ते आधीचाच जास्तीचा आकडा धरून बसतं. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडव, आतला ३८ मध्ये आणि बाहेरचा ३६ मध्ये. पाच मिनिटं थांब, मग पंखा जेमतेम चालू होईल तिथं प्रीसेट ठेव आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब लाव. पाणी गार होतं, म्हणून हे चटकन उरक.

बाहेरचा सेन्सर कुठं लावतोस त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. पहिल्यांदा मी तो पश्चिमेच्या भिंतीवर लावला होता. भिंत दिवसभराचं ऊन रात्री दहापर्यंत परत देत होती, सेन्सरला बाहेर उन्हाळा आणि आत थंडी वाटत होती, आणि पंखा चालूच होईना. परभणीच्या कृषी विद्यापीठात हवामानाची नोंद घेतात तिथं पांढरी जाळीदार लाकडी पेटी पाहिली असशील. तापमापक तिच्यात सावलीत, वारा लागेल असे ठेवतात. तसंच कर. उत्तरेची बाजू, भिंतीपासून वीतभर लांब, वर पांढऱ्या प्लास्टिकच्या वाटीचं छत, खालून मोकळं. आतला सेन्सर आजीच्या खाटेच्या उंचीवर ठेव, पंख्याच्या झोतात नको.

पंखे भिंतीत वर, पत्र्याजवळ बसव आणि हवा बाहेर फेकायला लाव, कारण गरम हवा तिथंच साठते. समोरची खिडकी खालून उघडी ठेव. १० बाय १२ च्या खोलीत १२० मिलिमीटरचे दोन पंखे पाव तासात एकदा हवा बदलतील, तेही जाळी आणि धूळ नसेल तर. सप्लायचे ८० मिलिमीटरचे छोटे पंखे घेतलेस तर चार लागतील. जमलं तर यूपीएसचा रिले वापरून ९ इंची एक्झॉस्ट चालव, तो कितीतरी जोरात काम करतो. पण मग २३० व्होल्ट आले. रिलेची ती बाजू वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात, अर्थिंग पक्की, आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या फंदात पडू नकोस. दर उन्हाळ्यात आपल्याकडे ओल्या कूलरला हात लागून माणसं जातात. शिक्षकांसमोर जोडणी तपासून घे.

आणि एक गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या बाहेरची. पत्र्याला वरून चुना मार, त्यात थोडं फेविकॉल घाल म्हणजे लवकर उडणार नाही. माझ्या सर्किटपेक्षा तो चुना जास्त काम करतो, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. जुन्या माळवदाच्या घरांना यातलं काहीच लागत नव्हतं.

आता पाणी. वाळ्याची ताटी किंवा कूलरचं गवत ओलं करून त्यातून हवा ओढायची तर बाहेरची हवा कोरडी हवी. मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवतो. फरक १८ अंशांचा. चांगला कूलर त्यातला पाऊण हिस्सा मिळवतो, म्हणजे २८-२९ ची हवा. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के असेल तर हाच फरक जेमतेम ३ उरतो. तेव्हा पंप चालवणं म्हणजे खोली दमट करणं आणि पाणी घालवणं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे घालवणं बरं नाही.

म्हणून तेच सर्किट पुन्हा बांध, जसंच्या तसं. वरच्या सेन्सरच्या जागी कोरडा, खालच्या जागी ओला. दोन्ही बाहेर, सावलीत, शेजारी शेजारी. ओल्या सेन्सरला अरल्डाइटचं पातळ आवरण दे, पायांसकट, नाहीतर पाण्यातूनच करंट वाहील आणि आकडे खोटे येतील. त्यावर धुतलेल्या जुन्या धोतराची सुती चिंधी गुंडाळ, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोड. बोअरचं पाणी वापरू नकोस, चार दिवसांत क्षार चढून चिंधी कडक होते. जारचं पाणी घाल आणि महिन्याला चिंधी बदल. सेटिंग पुन्हा दोन पेल्यांत, या वेळी ४२ आणि ३५ अंश. फरक ७ अंशांहून जास्त असेल तेव्हाच पंप चालेल. पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी तो आपोआप गप्प बसतो आणि नुसता पंखा चालतो.

पंप १२ व्होल्टचाच घे. फवारणी पंपातली मोटर वापरायचा मोह होईल, प्रत्येक गावात दोन-चार बंद पडलेले असतात. पण ती दाबाची मोटर आहे, गवतावर पाण्याची पिचकारी मारेल. गोठ्यात फॉगर लावायचे असतील तर मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. कूलरसाठी छोटा बुडता पंप हवा. आणि कॉम्प्युटरच्या पंख्याला जाड हनीकोंब पॅड झेपत नाही, पलीकडून हवाच येत नाही. गवत पातळ आणि विरळ पसर.

लाइट गेल्यावर यूपीएसच्या बॅटरीवर चालवायचं असेल तर एलएम३५८ चा दुसरा अर्धा भाग मोकळाच आहे. पण बॅटरी किती उतरली हे पाहायला फरकाची युक्ती चालत नाही, कारण दोन्ही बाजू बॅटरीसोबतच खाली जातील. तिथं न हलणारा व्होल्टेज लागतो. त्यासाठी सप्लायच्या बोर्डावरची टीएल४३१ काढ. ती दिसायला ट्रान्झिस्टरसारखी असते आणि २.५ व्होल्ट धरून ठेवते. बॅटरीचा व्होल्टेज ३३ के आणि १० के मध्ये विभागून तिच्याशी ताडून बघ, पावणेअकरा व्होल्टच्या सुमाराला पंखा तुटेल. इथंही हिस्टेरेसिसचा रेझिस्टन्स विसरू नकोस. भार सुटला की बॅटरी पुन्हा वर येते आणि पंखा परत चालू होतो. मेलेल्या यूपीएसमधली बॅटरी बहुधा तीही मेलेलीच असते. तिच्यावर १२ व्होल्टचा बल्ब अर्धा तास लावून बघ. उजेड मंद झाला तर ती भंगारवाल्यालाच परत दे, शिशाचे पैसे मिळतात.

सगळं जमल्यावर डब्यावर एक साधा स्विच बसव, मोसफेटच्या ड्रेन आणि सोर्सच्या मध्ये. दाबला की सेन्सर काहीही म्हणोत, पंखा फिरायलाच हवा. आजीला सेन्सर, फरक, उंबरठा समजावत बसू नकोस. तिला गरम होतंय म्हटलं की होतंय.